न उघडणारं समोरचं दार

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा वाचताना माझं मलाच काही आठवलं आणि हसू गेलं.

‘सगळी घरं सारखी, सगळी खोटी, आणि मॅडम, मला थीसिसला नेमकं हेच मिळालंय’ असं तू तिकडच्या सबर्बातल्या, म्हणजे उपनगरातल्या, घरांबद्दल लिहिलंस. मावशीच्या घराला ‘वाढदिवसाचा केक’ म्हणालीस. ज्या मावशीने तुला न्यू जर्सीत खोली दिली, जी सकाळी पोळीभाजीचा डबा हातात ठेवते, तिच्या घराला नावं ठेवण्याबद्दल मी काही बोलत नाही. ते तुझी आई बोलेल. मी एवढंच विचारते, त्या घरात तू शिरतेस कुठून?

पैजेवर सांगते, गराजमधून. मावशी गाडीतूनच बटण दाबते, शटर वर जातं, गाडी आत. मग वॉशिंग मशीनच्या खोलीतलं एक साधं दार, तिथे चपलांचा ढीग, आणि तिथून थेट स्वयंपाकघर. समोरचं ते दुहेरी दार, ज्याच्या दोन बाजूंना खांब आणि वर त्रिकोण आहे, ते वर्षातून कितीदा उघडतं? कुरियरवाला बेल वाजवून पळून जातो. हॅलोविनला पोरं येतात. गणपतीला पाहुणे यायचे असले की मावशी मुद्दाम ते उघडत असेल, पायरीवर रांगोळीही काढत असेल. बाकी वर्षभर ते दार म्हणजे दाराचं चित्र आहे.

मला विचारशील तर आर्किटेक्चरचा तुझा हा थीसिस त्या दारापासून सुरू कर. उत्तराधुनिक घर, म्हणजे आधुनिकांनी टाकून दिलेली उतरती छपरं, खांब, कमानी मुद्दाम परत मिरवणारं घर, हे पुस्तकात जन्मलं आणि मग सबर्बात राहायला गेलं, असं तुमच्या वर्गात शिकवत असतील. माझा अनुभव उलटा आहे. सबर्बातल्या घरांनी आपली तोंडं, म्हणजे रस्त्याकडचे दर्शनी भाग, मागच्या घरापासून आधीच सुटी करून ठेवली होती. दोघा-तिघा आर्किटेक्टांनी न हसता ती पाहिली, इतकंच.

आधी एक गफलत काढून टाकू. तू आणि मी ‘उपनगर’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर डोंबिवली येते. घराचा पत्ता स्टेशनपासून किती मिनिटांवर यावरून सांगायचा, जिना सामाईक, भिंत सामाईक, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपणच मोजायच्या. आपलं घर बाहेरून अख्खं असं आपल्याला कधी दिसतच नाही. दिसतं ते ग्रिल, बाहेर आलेला एसीचा डबा, आणि आत घेतलेली बाल्कनी. तिकडचं सबर्ब याच्या उलट. घर एकटं, चारी बाजूंनी सुटं, पुढे हिरवळ, आणि बघणारा माणूस गाडीत. साठ फूट रुंद प्लॉट धर. ताशी पंचवीस मैलांनी जाणाऱ्या गाडीतून तो पावणेदोन सेकंदांच्या आत मागे पडतो. तेवढ्या वेळात घराला सांगायचं असतं की मी घर आहे, चांगल्या माणसांचं आहे आणि माझे हप्ते वेळेवर जातात. एवढ्यात कुणी प्लॅन वाचत नाही. वाचला जातो तो दर्शनी भाग, आपले बिल्डर ज्याला ‘एलिव्हेशन’ म्हणतात तो.

साठ फूट हा आकडा मी हवेतून घेतला नाही. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती. तिथे लेव्हिट अँड सन्स या कंपनीने १९४७ ते १९५१ या काळात १७,४४७ घरं बांधली. प्लॉट साधारण ६० बाय १०० फुटांचे. पहिली घरं सुमारे साडेसातशे चौरस फुटांची. तळघर नाही, जमिनीवरच काँक्रीटचा स्लॅब, दोन बेडरूम, आणि वर अर्धवट सोडलेल्या माळ्याकडे जाणारा जिना. एक टोळी फक्त फरशीची, एक फक्त रंगाची, आपलं काम झालं की पुढच्या घराकडे. मोटारीच्या कारखान्यात गाडी सरकते आणि कामगार उभा असतो. इथे घर उभं होतं आणि कामगार सरकत होते. गिऱ्हाईक कोण, तर महायुद्धाहून परतलेले सैनिक, ज्यांना १९४४च्या कायद्याने घरकर्जाची सोय मिळाली होती.

हे कर्जाचं प्रकरण सोडून पुढे जाऊ नकोस. तुझ्या पिढीला ‘स्टाइल’ दिसते, कर्जाचा अर्ज दिसत नाही. १९३४ साली स्थापन झालेलं फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हे घरकर्जांना हमी द्यायचं, आणि हमी देण्याआधी घराला गुण द्यायचं. घर आजूबाजूच्या घरांशी किती जुळतं यालाही त्यात किंमत होती. सपाट छपराचं, काचेच्या भिंतीचं आधुनिक घर तिथे गुण गमवायचं. आपण वर्गात शिकतो की आधुनिक वास्तुकला लोकांना रुचली नाही. लोकांपर्यंत ती पोचण्याआधी बऱ्याच ठिकाणी कर्जाच्या कागदानेच तिला अडवलं होतं. म्हणजे ते उतरतं छप्पर, ती चिमणी, ते छोट्या चौकटींचं तावदान हे केवळ आठवणींचं प्रेम नव्हतं. तो तारणाचाही भाग होता.

आणि मग लोक राहायला आले. लेव्हिटच्या नियमांत कुंपण घालायला मनाई होती, दोरी बांधून कपडे वाळत घालायला मनाई होती. (तुमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीचं बाल्कनीतल्या दोऱ्यांबद्दलचं सर्क्युलर आठवलं ना? मलाही.) पण माणूस नियमाच्या फटीतून घर आपलं करतोच. कुणी माळ्यावर खोली काढली, कुणी गाडीसाठी छप्पर टाकलं, कुणी दाराशी कंदील टांगला, कुणी हिरवळीवर बैलगाडीसारख्या वॅगनचं जुनं चाक रोवलं. आज त्या वस्तीत मूळ रूपात राहिलेलं घर शोधून सापडणं कठीण.

मी फिलाडेल्फियाला नोकरीला होते त्या दीड वर्षात माझी मामेबहीण पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये राहायची. लेव्हिटची ही दुसरी मोठी वस्ती, १९५२ साली सुरू झालेली, जवळच्या पोलाद कारखान्याच्या भरवशावर वाढलेली. मी शनिवार-रविवार तिथे जायची आणि तुझ्यासारखीच नाक मुरडायची. शेजारी त्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. त्यांच्या बैठकीच्या खिडकीला दोन्ही बाजूंना लाकडी झडपा ठोकल्या होत्या. खिडकी सहा फुटांची, झडप फूटभर. दोन्ही लावल्या असत्या तरी चार फूट उघडेच राहिले असते. मी शहाणपणाने त्यांना ते दाखवून दिलं. ते म्हणाले, ‘बाई, या बंद करायला नाहीत. रस्त्यावरून बघशील तेव्हा घराला डोळे असल्यासारखं वाटतं, त्यासाठी आहेत.’ मी पाच वर्षं कॉलेजात घालवली होती आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

असं ऐकून घेण्याचं काम माझ्या कितीतरी आधी एका बाईने केलं होतं. आर्किटेक्ट डेनिस स्कॉट ब्राउन. जन्म आफ्रिकेतला, बालपण जोहान्सबर्गचं, १९५८ साली फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आली. तिथे तिला हर्बर्ट गॅन्स नावाचे समाजशास्त्रज्ञ शिकवायला होते. याच गॅन्स यांनी १९५८ साली न्यू जर्सीतल्या लेव्हिटटाउनमध्ये चक्क घर घेतलं आणि दोन वर्षं तिथे राहून लोक कसे जगतात ते नोंदवलं. शहरातले विद्वान म्हणत होते की सबर्ब माणसाला ठोकळा बनवतं. गॅन्स यांना तिथे ठोकळे सापडले नाहीत, माणसं सापडली. ही वस्ती तुझ्या मावशीपासून फार लांब नसेल. आता तिचं नाव विलिंगबरो आहे. एक रविवार काढून जाऊन ये.

डेनिसने ही सवय वास्तुकलेत आणली. आधी निवाडा रोखून धरायचा, नीट बघायचं, मग दिलेला निवाडा अधिक जाणता होतो. १९७० साली तिने आणि तिचा नवरा, आर्किटेक्ट रॉबर्ट व्हेंचुरी, याने येल विद्यापीठात लेव्हिटटाउनवर स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा वर्ग, घेतला. पोरांना चर्च आणि राजवाडे मोजायला न लावता टीव्हीवरच्या मालिका, घरगुती मासिकं, जाहिराती यांत घर कसं दिसतं ते तपासायला लावलं. १९७६ साली वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत त्यांनी एक प्रदर्शन मांडलं. साध्या लोकांच्या दिवाणखान्यांचे देखावे उभे केले आणि सोफ्याला, दिव्याला, पडद्याला कॉमिकसारखे फुगे चिकटवले, ती वस्तू काय ‘बोलते’ आहे ते लिहून. आपल्याकडच्या शोकेसला असे फुगे चिकटवून बघ एकदा. क्रिस्टलचा ताजमहाल, नातवाचा ग्रॅज्युएशनचा फोटो, न उघडलेला डिनर सेट. फुगे पुरणार नाहीत.

(जाता जाता. १९९१चं प्रिट्झकर, हे वास्तुकलेतलं मानाचं पारितोषिक, एकट्या व्हेंचुरीला मिळालं. २०१३ साली हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी डेनिसचं नाव जोडा म्हणून अर्ज फिरवला, हजारो सह्या झाल्या, समितीने नकार दिला. तुझ्या थीसिसमध्ये ‘व्हेंचुरीचे विचार’ असं लिहून पाठवलंस तर मी परत करीन.)

आता व्हेंचुरीचं ते घर. तू फिलाडेल्फियाला रोज जातेस, तर ट्रेनने चेस्टनट हिलला जा. नकाशात ते शहराच्या हद्दीत आहे, पण स्वभावाने सबर्ब, आणि तेही रेल्वेने वसवलेलं. स्टेशन, मग झाडं, मग घरं. तिथे मात्र तुला डोंबिवली थोडी आठवेल. व्हेंचुरीचे वडील फळांचे व्यापारी, १९५९ साली वारले. त्यानंतर त्याने आपल्या आईसाठी, व्हॅनासाठी, तिथे घर बांधलं. १९६४ साली ते पुरं झालं. मी रस्त्यावरूनच पाहिलं. लांब ड्राइव्ह-वे आणि त्याच्या टोकाला, रंगमंचावर एकटा उभा असावा तसा, एक मोठा त्रिकोण. चौथीतल्या मुलाला घर काढायला सांग, तो हेच काढेल: दोन उतार, मधे चिमणी, मधे दार, दोन बाजूंना खिडक्या.

मग पावणेदोन सेकंदांऐवजी दोन मिनिटं उभी राहा. त्रिकोण शेंड्यापासून मधोमध चिरलेला आहे. आपल्या भाषेत, जिथे आढं असायला हवं तिथे फट आहे. फटीतून मागची भिंत दिसते, म्हणजे समोरचा त्रिकोण हा छपराचा शेवट नाही, पुढे उभा केलेला पडदा आहे. दारावर कमान आहे, पण ती कमान काही पेलत नाही. भिंतीवर चिकटवलेली लाकडाची पातळ पट्टी आहे. भार पेलणारी काँक्रीटची सरळ पट्टी तिच्या आड न लपता तिला छेदून जाते. खिडक्या मोज. उजवीकडे स्वयंपाकघराची आडवी पट्टी, पाच चौकोन. डावीकडे एक मोठी खिडकी चार चौकोनांची आणि एक सुटा लहान चौकोन. दोन्हीकडे पाच. चेहरा सारखा नाही, पण तोल सारखा, कारण आतल्या खोल्यांची गरज वेगळी होती. आणि दार? मधोमध भलंमोठं भगदाड आहे, त्यात शिरलीस की समोर दार नाहीच. खरं दार आत बाजूला वळलेलं. आत चिमणी आणि जिना एकाच जागेसाठी भांडतात, जिना अंग चोरून वर जातो. वरच्या मजल्यावर आणखी एक जिना आहे, तो कुठेच जात नाही. म्हातारी बाई गाडी चालवत नव्हती म्हणून गराज नाही. या घरात सबर्बातलं सगळं आहे, आणि एक गराज तेवढं नाही. मला याची फार गंमत वाटते.

या घराबद्दल तुला कुणीतरी ‘आयरनी’, म्हणजे उपरोध, हा शब्द वापरून दाखवेल. जपून. व्हॅना त्या घरात १९७३ पर्यंत राहिली. स्वयंपाक केला, जेवली, झोपली. कुणीही थट्टेच्या घरात नऊ वर्षं राहत नाही. ते घर चालतं, कारण दर्शनी भाग जे खोटं सांगतो ते खोटं आहे हे तो त्याच दमात कबूलही करतो. फट, चिकटवलेली पट्टी, बाजूला सरकलेलं दार हे सगळे कबुलीजबाब आहेत. ती कबुली काढून टाक, उरतो नुसता केक.

हे मी ठासून सांगते, कारण केक मी स्वतः करून बसले आहे. परत आल्यावर, १९९३ साली, बदलापूरला चोवीस रो-हाउसचं काम मिळालं. डोक्यात चेस्टनट हिल ताजं. मी प्रत्येक घराच्या पुढे पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडाच, उंच करून त्रिकोण काढला आणि मधे चिरला. बिल्डरला इतका आवडला की ब्रोशरवर तोच छापला, ‘युरोपियन एलिव्हेशन’ म्हणून. एकाच घराला होता तोवर त्यात काही बोलणं होतं. चोवीस घरं ओळीने तीच चीर घेऊन उभी राहिली तेव्हा जबड्यातले दात तुटल्यासारखी दिसायला लागली. तेही सोड. पहिल्या जुलैत त्रिकोणामागे स्लॅबवर पाणी तुंबलं, कारण मी त्रिकोण काढताना पाणी कुठे जाणार याचा विचार चिरेच्या भरवशावर सोडला होता आणि चीर स्लॅबपर्यंत उतरतच नव्हती. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत सोळा घरांवर पत्र्याची शेड आली. आज जाशील तर निळे पत्रे दिसतील, आणि त्यांच्या पुढे माझ्या त्रिकोणांचे दोन-दोन सुळके. एका घराच्या मालकीणबाईंनी एका सुळक्याला डिशची छत्री लावली आहे, दुसऱ्याला भगवा झेंडा. मला वाटतं त्या घराला काय बोलायचं होतं ते त्यांनी माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

अमेरिकेत बिल्डरांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. १९५० साली तिकडचं नवं घर सरासरी हजार चौरस फुटांच्या आसपास होतं, शतक संपताना ते दुपटीच्या वर गेलं. घर वाढलं, पण रस्त्याकडची रुंदी त्या प्रमाणात वाढेना, आणि त्यातली अर्धी गराजच्या दारांनी खाल्ली. मग उरलेल्या जागेत घरपण दाखवायला त्रिकोणावर त्रिकोण आले. तुझ्या मावशीच्या छपराला किती त्रिकोण आहेत ते मोज, आणि त्यातल्या किती त्रिकोणांखाली खरंच खोली आहे ते माळ्यावर चढून बघ. घराला वळसा घाल. समोर वीट असेल. कोपरा वळलीस की प्लास्टिकच्या पट्ट्यांचं सायडिंग. विटेची जाडी कोपऱ्यावरच दिसते. तो कोपरा माझ्यासाठी काढून पाठव, एकास पाच प्रमाणात, हाताने. व्हेंचुरी, डेनिस आणि स्टीव्हन आयझेनॉर यांनी १९७२ साली लास व्हेगसवरच्या पुस्तकात इमारतींचे दोन प्रकार सांगितले. एक ‘बदक’: लाँग आयलंडवर १९३१ साली एका बदकं पाळणाऱ्याने बदकाच्याच आकाराचं दुकान बांधलं, त्यावरून हे नाव. दुसरा सजवलेली शेड: मागे साधा डबा आणि पुढे पाटी. ते बोलत होते हायवेवरच्या दुकानांबद्दल. मावशीच्या घराचा तो कोपरा बघितलास की कळेल, पाटी कुठे संपते आणि डबा कुठे सुरू होतो.

आपल्याकडेही गाडी तिथेच आली. पवईला हिरानंदानी गार्डन्समध्ये आर्किटेक्ट हाफीज काँट्रॅक्टर यांनी पंधरा-वीस मजली इमारतींना ग्रीक-रोमन खांब आणि कमानी दिल्या, आणि त्यानंतर घोडबंदरपासून पनवेलपर्यंत प्रत्येक बिल्डरला खांब हवे झाले. माझे सहकारी नाकं मुरडत. मी विचारायची, चाळीतून आलेल्या माणसाला आयुष्यभराच्या कर्जाच्या बदल्यात घराने काहीतरी मोठं बोलावं असं वाटलं तर त्यात चूक काय? चूक खांबात नव्हती. चूक ही होती की खांब रस्त्याच्या बाजूला, आणि मागे सांडपाण्याचे पाइप, एसीचे डबे आणि अंधारा डक्ट, जिथे त्या माणसाचं स्वयंपाकघर उघडतं. पाटीचा खर्च डब्यातून वजा केला होता.

आर्किटेक्ट फ्रँक गेहरी याने कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात उलट वाट धरली. १९२०च्या सुमाराचा एक गुलाबी डच पद्धतीचा बंगला त्याने घेतला आणि १९७८ साली त्याच्याभोवती पन्हाळी पत्रा, प्लायवूड आणि कुंपणाची जाळी गुंडाळली. जुना बंगला आत तसाच. स्वयंपाकघर पूर्वीच्या ड्राइव्ह-वेवर आलं, तर तिथे खाली डांबरच ठेवलं. शेजारी संतापले. मला ते घर राहायला नको, पण एका गोष्टीसाठी मान देते: पत्रा आणि जाळी ही त्याच गल्लीतली, सगळ्यांच्या परसदारी असलेली वस्तू होती. त्याने परसदार उचलून पुढे आणलं. फ्लोरिडातलं सीसाइड हे गाव, १९८१चं, आंद्रेस डुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क या आर्किटेक्टांनी आखलेलं, त्यावर तुझे प्राध्यापक बरंच बोलतील. तिथे बहुतेक घरांना पुढे पोर्च सक्तीचा, म्हणजे आपली ओसरी, की बसणारा आणि चालणारा यांचं बोलणं व्हावं. कल्पना सोन्यासारखी. घरं इतकी महाग झाली की बहुतेक मालक सुटीपुरतेच येतात, आणि ओसरीवर बोलायला कुणी नसतं.

एक गोष्ट मात्र राहू देऊ नकोस, आणि ती शेवटच्या प्रकरणात तळटीप म्हणून टाकू नकोस. लेव्हिटच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहू नये असं कलमच होतं, घरकामाचे नोकर सोडून. अशी बंधनं कोर्ट राबवू शकत नाही असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सांगितलं. कलम गेलं, पण कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचा रिवाज राहिला. माझी मामेबहीण जिथे राहायची त्या पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये १९५७च्या ऑगस्टमध्ये पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं तेव्हा घरासमोर जमाव जमला, दगड आले. तीस वर्षांनी माझ्या बहिणीला तिथे घर मिळालं आणि त्या झडपावाल्या आजोबांनी मला चहा पाजला, हेही खरं. त्यांनी त्या ऑगस्टमध्ये काय केलं होतं हे मी कधी विचारलं नाही. आज विचारलं असतं. पुण्या-मुंबईत कुणाला आडनाव विचारून, कुणाला मटण खाता का विचारून फ्लॅट नाकारतात, तेव्हा त्या इमारतींचं एलिव्हेशनही छानच असतं. दार कुणासाठी उघडत नव्हतं हे ठाऊक नसेल, तर दाराच्या सजावटीवर शंभर पानं लिहून तू काय सांगणार?

आता कामाचं. कॅमेरा घरी ठेव. टेप आणि वही घे. रस्त्याच्या कडेपासून समोरच्या दारापर्यंत किती फूट ते मोज, गराजच्या दाराची रुंदी दर्शनी भागाच्या रुंदीत कितव्या हिश्श्याची ते मोज, आणि असं एका गल्लीतल्या बारा-पंधरा घरांचं कर. लोकांना विचारून मोज. तिकडे पोलिसांना बोलावतात. मग मावशीच्या घराचा प्लॅन काढ आणि त्यावर एका रविवारी घरातले सगळे कुठून कुठे जातात ते पेन्सिलने ओढ. रेघा गडद होतील तिथे घर आहे. मला वाटतं पुढची बैठकीची खोली, ती उंच छताची, पांढऱ्या सोफ्याची, कोरीच राहील. ती खोली कुणासाठी आहे हे मावशीला विचार, आणि विचारताना तुझा तो आवाज लावू नकोस. काकांना विचार की घर घेतल्यावर पहिला खर्च त्यांनी कशावर केला. आतल्या कशावर की बाहेरच्या.

डिझाइनचा भाग नंतर. तुझ्या गाइडला घाई असेल, मला नाही. त्रिकोण काढायचा झाला तर काढ, मी अडवणार नाही, पण पाणी कुठे जाणार ते आधी दाखव.

डोंबिवलीला आता मेट्रोचे खांब उभे राहतायत आणि आमच्या गल्लीतला शेवटचा कौलारू बंगलाही गेला. त्याच्या जागी येणाऱ्या टॉवरच्या फलकावर काय छापलंय सांगू? दोन उतारांचं छप्पर, मधे चिमणी.

तब्येत सांभाळ. थंडीत कानाला मफलर बांध, तिकडच्या वाऱ्याला टोपी पुरत नाही.

तुझी,
मॅडम

ता. क. मावशीने तोरण लावलं असेलच. ते समोरच्या दाराला आहे की गराजमधल्या आतल्या दाराला, तेवढं बघून कळव.